पास्खाची रात्र

ज्युबिलीच्या या अंकांत ख्रिस्तसभेच्या इतिहासांतील एक प्रकरण वाचकांपुढें ठेवण्याची आमची इच्छा आहे. प्रभूच्या मरणाचा व पुनरुत्थानाचा अर्थ आम्ही प्रश्नोत्तरींत शिकलों. आरंभींच्या शतकांतील श्रद्धावंत तो एका रात्रींत शिकत असत.

पास्खाच्या पूर्वरात्रीं ते जागरण करीत, पवित्र शास्त्रांतील पाठ ऐकत, आणि दीर्घ तयारी केलेले दीक्षार्थी बाप्तिस्म्याच्या कुंडांत उतरत. पाण्यांत उतरणें म्हणजे ख्रिस्ताबरोबर मरून पुरलें जाणें, व वर येणें म्हणजे त्याच्याबरोबर नव्या जीवनांत चालूं लागणें, ही संत पौलाची रोमकरांस लिहिलेली शिकवण तेथें डोळ्यांना दिसे. क्रूस आणि रिकामी कबर हीं त्यांच्या मनांत दोन निरनिराळीं स्मरणें नव्हतीं. तें एकच संक्रमण होतें, आणि श्रद्धावंत स्वतः त्यांत सामील होत.

पुढें ही रात्र सरकत सरकत दिवसांत आली. १५६६ सालीं पोप पाचवे पायस यांनीं सायंकाळच्या मिस्सा बंद केल्यावर हा विधि शनिवारीं सकाळीं करण्याचीच रीत पक्की झाली. भर उन्हांत मेणबत्ती पेटवावयाची, आणि तिच्या स्तुतिगीतांत मात्र रात्रीचा महिमा गावयाचा! १६४२ सालीं पोप आठवे अर्बन यांनीं हे दिवस बंधनकारक सणांच्या यादींतून वगळले. लोक कामावर जात, आणि धर्मगुरु बारा भाकितें बहुधा ओस मंदिरांतच वाचीत. प्रभु कबरेंत असावयाचा त्या वेळींच ग्लोरियाच्या घंटा वाजत. अशा स्थितींत लोकांची भक्ति शुक्रवारच्या क्रूसापाशींच थबकली, तर त्यांस दोष कसा द्यावा?

९ फेब्रुवारी १९५१ रोजीं पोप बारावे पायस यांनीं हा विधि पुन्हां रात्रीं करण्याची प्रायोगिक परवानगी दिली. १६ नोव्हेंबर १९५५ च्या आदेशानें १९५६ पासून तोच नियम झाला. त्यांत एक गोष्ट अगदीं नवीन होती, आणि आमच्या मतें तीच सर्वांत मोलाची: हातांत पेटत्या मेणबत्त्या घेऊन सर्व लोकांनीं आपल्या बाप्तिस्म्याचीं वचनें पुन्हां द्यावयाचीं, आणि लॅटिन विधीच्या मध्यभागीं तीं आपल्या भाषेंत देण्याची मोकळीक होती. ज्यांचा बाप्तिस्मा तान्हेपणीं झाला, ज्यांच्या वतीनें धर्मपिता व धर्ममाता यांनीं उत्तरें दिलीं होतीं, त्यांना सैतानाचा त्याग करतां काय, या प्रश्नाचें उत्तर आतां दरवर्षीं स्वतःच्या तोंडानें द्यावें लागूं लागलें.