प्रार्थनेचे मोजमाप आणि आजाऱ्याची खाट



मंडळीत कोणी गंभीर आजारी पडले की एक वाक्य हमखास कानावर येते: "प्रार्थना करणारे जास्त जगतात, हे आता शास्त्रज्ञांनीही सिद्ध केले आहे." आणि तोच माणूस दगावला की दुसरे वाक्य येते: "श्रद्धाच कमी पडली." संशोधक याबद्दल खरोखर काय म्हणतात, हे आपण एकदा नीट पाहू या.

१८७२ साली इंग्लंडमध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी एक निबंध लिहिला. हे चार्ल्स डार्विन यांच्या नात्यातले. त्यांचा सवाल सरळ होता. राजाच्या दीर्घायुष्यासाठी चर्चमध्ये नित्य प्रार्थना होते, मग राजे जास्त जगतात का? त्यांनी आयुर्मानाच्या नोंदी पाहिल्या. सुखवस्तू वर्गांमध्ये राजघराण्यातील लोकांचेच सरासरी आयुष्य सर्वांत कमी, सुमारे ६४ वर्षे निघाले.

पुढे हा सवाल रुग्णालयात पोहोचला. १९८८ साली डॉ. रँडॉल्फ बर्ड यांनी सॅन फ्रान्सिस्कोतील हृदयरोग कक्षातल्या ३९३ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली त्यांना काही त्रास कमी झाले, पण रुग्णालयातील त्यांचा मुक्काम कमी झाला नाही. २००६ साली डॉ. हर्बर्ट बेन्सन यांच्या गटाने अमेरिकेतील सहा रुग्णालयांत बायपास शस्त्रक्रियेच्या १,८०२ रुग्णांवर याहून मोठा अभ्यास केला. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली पण तसे नक्की ठाऊक नव्हते, त्यांच्यापैकी ५२ टक्क्यांना शस्त्रक्रियेनंतर गुंतागुंत झाली. ज्यांच्यासाठी प्रार्थना झाली नाही, त्यांच्यात हे प्रमाण ५१ टक्के होते. आणि आपल्यासाठी प्रार्थना होत आहे हे ज्यांना खात्रीने ठाऊक होते, त्यांच्यात ते ५९ टक्के निघाले.

हे आकडे वाचून आपण खचून जाऊ नये. मंदिराच्या शिखरावर सैतानाने देवाची परीक्षा पाहायला सुचवले, तेव्हा प्रभू येशूने ते साफ नाकारले होते. प्रार्थना म्हणजे गोळी नव्हे, की इतके डोस दिले म्हणजे इतका गुण यावा. गेथशेमानी बागेत खुद्द प्रभूने प्रार्थना केली, तरी दुःखाचा प्याला टळला नाही. त्याची श्रद्धा कमी पडली असे आपल्यापैकी कोण म्हणेल?

दुसऱ्या संशोधकांनी वेगळा प्रश्न विचारला. उपासनेला नियमित जाणाऱ्यांचे पुढे काय होते? २०१६ साली अमेरिकेतील ७४,५३४ परिचारिकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांच्यावर १६ वर्षे लक्ष ठेवले होते. आठवड्यातून एकाहून अधिक वेळा उपासनेला जाणाऱ्या स्त्रियांमध्ये, कधीच न जाणाऱ्यांच्या तुलनेत, मृत्यूचे प्रमाण ३३ टक्क्यांनी कमी होते. धडधाकट माणसेच चर्चला जाऊ शकतात, ही शंका संशोधकांनी लक्षात घेतली होती आणि आधीच्या आजारांचा हिशेब धरला होता. कारणे शोधता एकमेकांचा आधार, धूम्रपानाचे कमी प्रमाण, कमी नैराश्य आणि आशावाद ही कारणे पुढे आली. तरीही अशा अभ्यासातून संबंध दिसतो, तो चमत्काराचा पुरावा ठरत नाही.

आम्हाला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो केनेथ पार्गामेंट आणि सहकाऱ्यांचा २००१ सालचा अभ्यास. रुग्णालयात दाखल झालेल्या, ५५ वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या ५९६ रुग्णांची त्यांनी दोन वर्षे नोंद ठेवली. देवाने आपल्याला टाकले, त्याचे आपल्यावर प्रेम नाही, हे दुखणे सैतानाचे काम आहे, असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यात मृत्यूचा धोका १९ ते २८ टक्क्यांनी जास्त आढळला. त्यांची प्रकृती किती बिघडलेली होती, हे लक्षात घेऊनही.

आता पुन्हा ते दुसरे वाक्य आठवा. "श्रद्धा कमी पडली" किंवा "काही पाप घडले असेल" असे आपण खाटेपाशी सहज बोलून जातो. जन्मांधाला पाहून शिष्यांनीही कोणाचे पाप असे विचारले होते, आणि प्रभूने तो प्रश्नच मोडीत काढला. आधीच घाबरलेल्या जिवाला देवाने टाकले असे वाटायला आपला एक शब्द पुरतो.

आणि उपासनेत मिळणारा आधार ज्यांना सर्वांत जास्त हवा, तेच अंथरुणाला खिळल्यामुळे चर्चच्या पायऱ्या चढू शकत नाहीत. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावे असे सांगितले आहे. म्हणजे चालत जायचे ते मंडळीने.

म्हणून आमची विनंती एवढीच. या आठवड्यात आपल्या वाडीतल्या, गल्लीतल्या एका तरी आजाऱ्याकडे जाऊ या. डॉक्टरांची औषधे वेळेवर चालू आहेत ना, हे विचारू या. धर्मगुरूंना कळवून कम्युनियनची आणि अभ्यंग संस्काराची सोय करू या. कारणे सांगत न बसता त्यांचे ऐकू या, आणि त्यांची इच्छा असेल तर हात धरून प्रार्थना करू या. टक्केवारी काहीही असो, आजाऱ्याला भेटणे म्हणजे आपल्यालाच भेटणे, असे प्रभूने सांगून ठेवले आहे.

तो आपल्याला योग्य शब्द आणि योग्य मौन देवो. आमेन.