फाट्यापासून शाळेचं अंतर

आमचं देवगाव फाटा हे परभणी जिल्ह्यातल्या सेलू तालुक्यातलं गाव. नावातच फाटा आहे, त्यामुळे आमच्याकडे सगळं अंतरात मोजतात. दवाखाना किती लांब, कॉलेज किती लांब, एसटी किती वाजता. २०२०च्या लॉकडाऊनमध्ये मी पुण्याहून लॅपटॉप घेऊन घरी आलो, तेव्हा वाटलं की आता अंतराचा प्रश्न संपला. मी माळवदावर बसून पुण्यातलं काम करत होतो आणि चार हातांवर माझी चुलत बहीण मोबाईलवर दहावीचा वर्ग ऐकत होती.

एकदा सहज विचारलं, "काय चालू आहे गं?"

"सर बीजगणित शिकवायलेत, दादा."

"कळतंय ना?"

"हो."

मी हेडफोन लावला आणि पुन्हा कामाला लागलो. हे 'हो' मला नंतर फार महागात पडलं. असो, त्याकडे येतोच.

तंत्रज्ञानाने शिकवण्याची गोष्ट झूमपासून सुरू होते असं आपल्याला वाटतं. पण आपल्याच मराठी मुलखात १९५६ साली एक भन्नाट प्रयोग झाला होता. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत 'रेडिओ फार्म फोरम' सुरू केले. कल्पना कॅनडाची, तिथे १९४१पासून असे शेतकरी गट होते. आपल्याकडे गावातली साधारण वीस माणसं आठवड्यातून दोनदा रेडिओभोवती जमायची. अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकायची, मग रेडिओ बंद करून त्यावर चर्चा करायची. प्रश्न आणि मतं आकाशवाणीला कळवली जायची आणि पुढच्या कार्यक्रमांत त्यांची दखल घेतली जायची. दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले.

याचं मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे पॉल न्यूरॅथ या समाजशास्त्रज्ञाने केलं. त्याने तीन प्रकारची गावं ताडून पाहिली: फोरम असलेली, नुसता रेडिओ असलेली, आणि रेडिओही नसलेली. फोरमच्या गावांतल्या लोकांचं ज्ञान ठळकपणे वाढलं होतं. नुसत्या रेडिओच्या गावांत वाढ जेमतेमच. म्हणजे पेटी तीच, आवाज तोच. फरक पडला तो रेडिओ बंद केल्यानंतरच्या बोलण्याने!

आमच्या भाषेत सांगायचं तर यूडीपी आणि टीसीपीचा फरक. यूडीपीत पॅकेट पाठवलं की पाठवणाऱ्याची जबाबदारी संपली, पोचलं की नाही हे तो विचारत नाही. टीसीपीत समोरून पोच यावी लागते. आली नाही तर पुन्हा पाठवावं लागतं. क्रिकेट मॅच दाखवायला यूडीपी उत्तम. पण दहावीचं बीजगणित?

गंमत म्हणजे आपण पुढे पेट्या मोठ्या करत गेलो. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात 'साइट' प्रयोग झाला. नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत टीव्ही पोचला. (महाराष्ट्र त्या सहांत नव्हता.) २० सप्टेंबर २००४ला इस्रोने खास शिक्षणासाठी एज्युसॅट सोडला. त्यावर दुतर्फा बोलायची सोय होती, पण त्याच्या जाळ्यात नुसती ऐकणारी केंद्रंही होतीच. पोचवण्याचं तंत्र दरवेळी सुधारलं, पोच घेण्याचं मात्र प्रत्येक वेळी नव्याने शिकावं लागलं.

मायकेल मूर हे दूरशिक्षणाचे अमेरिकेतले अभ्यासक सत्तरच्या दशकापासून एक गोष्ट मांडत आले. दूरशिक्षणातलं खरं अंतर किलोमीटरचं नसतं, ते समजुतीचं असतं. संवाद वाढला की ते घटतं. संवादाविना नुसता आखीव पाठ समोर ठेवला की ते वाढतं. त्यामुळे समोरासमोरच्या वर्गातसुद्धा मास्तर आणि पोरगं एकमेकांपासून कोसभर लांब असू शकतात. १९८९मध्ये मूर यांनी संवादाचे तीन प्रकार सांगितले: विद्यार्थ्याचा मजकुराशी, शिक्षकाशी आणि इतर विद्यार्थ्यांशी.

त्याच १९८९मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झालं, आणि इथे माझी आई गोष्टीत येते. नववीत शाळा सुटलेली, लग्न झालेलं. मुक्त विद्यापीठाचा पूर्वतयारी अभ्यासक्रम करून ती बीएला बसली आणि २००८ला पास झाली. तेव्हा घरात कॉम्प्युटर नव्हता. जाडजूड पुस्तकं, प्रत्येक घटकाखाली स्वतःला तपासायचे प्रश्न, आणि रविवारी सेलूच्या केंद्रावर संपर्क सत्र. तिच्याबरोबर एसटीने जाणाऱ्या आणखी दोघी होत्या. येताना तिघींचा वाद चालायचा आणि मी खिडकीत बसून ऐकायचो. एका स्वाध्यायावर सरांनी लाल शाईने लिहिलं होतं, 'हे तुमच्या शब्दांत पुन्हा लिहा.' आईने ते तीनदा लिहिलं. तो कागद तिने अजून जपून ठेवलाय.

मूर यांचे तिन्ही संवाद त्या एसटीत होते. सरांची भेट आठवड्यातून एकदाच, तरी अंतर जवळपास शून्य!

आणि माझ्या बहिणीला सर रोज दिसत होते, तेही लाइव्ह. पण साठ जणांचे माईक बंद, नेटवर्क गेलं की वाक्य गेलं, आणि विचारायचं तर सगळ्यांसमोर. २०२१ला दहावीची परीक्षा रद्द झाली, अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला, राज्याचा ९९.९५ टक्के. तीही पास झाली, आम्ही पेढे वाटले. अकरावी सायन्सला गेल्यावर कळलं की तिला दोन चलांतली समीकरणंसुद्धा सुटत नाहीत. ती दिवाळीत रडत म्हणाली, "मला तेव्हापासूनच काही कळंना, दादा. पण तू मीटिंगमधी असायचास."

तिने सायन्स सोडलं. आता ती बीए करते आहे, बरं चाललंय तिचं. पण नर्सिंगला जायचं होतं तिला, आणि ते नंतर कुणी काढलं नाही.

त्या काळात मी ज्या कंपनीत होतो तिथे आम्ही शिकण्याचंच अ‍ॅप बनवत होतो. डॅशबोर्डवर किती जणांनी लॉगिन केलं, किती मिनिटं पाहिलं, सगळं होतं. आपल्या बहिणीला कळतंय का, हे चार हातांवरून मी एकदा विचारलं आणि 'हो' ऐकून मोकळा झालो. ती पोच नव्हतीच. आईच्या सरांनी 'कळलं का?' असं विचारलं नव्हतं, 'तुमच्या शब्दांत लिहा' म्हटलं होतं.

हल्ली दर शनिवारी संध्याकाळी काकांच्या धाकट्या मुलाला फोन करतो. व्हिडिओ नाही, स्लाइड नाही. म्हणतो, "या आठवड्यात काय शिकलास ते मला शिकव." पहिल्या शनिवारी तो दोन मिनिटं गप्पच होता. मी फोन ठेवला नाही.