शेठ म्हणतो, "मिटलं"

आपल्या पापडीतून रोज सकाळी कितीजणी डबा घेऊन वालीव-सातिवलीच्या गाळ्यांत कामाला जातात. एखादीचं बोट मशिनमध्ये सापडतं. शेठ दवाखान्याचं बिल भरतो, हातावर थोडे पैसे टेकवतो आणि म्हणतो, "मिटलं." आपणही म्हणतो, बिचाऱ्याने एवढं तरी केलं! पण नुकसानभरपाई हा उपकार नाही. त्यासाठी माणसं झगडली आहेत.

गोष्ट 1884 सालची. मुंबईच्या कापडगिरण्यांत उजाडल्यापासून मावळेपर्यंत काम चाले. आठवड्याची हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीराव फुल्यांचे सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक. जन्म ठाण्याचा, म्हणजे आपल्याच जुन्या जिल्ह्याचा. त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे 5,500 कामगारांचा अर्ज सरकारकडे गेला. रविवारची सुट्टी द्या, दुपारी अर्धा तास विसावा द्या, पगार वेळेवर द्या. आणखी एक मागणी होती: कामावर जबर इजा झाली तर बरं होईपर्यंत पूर्ण पगार द्या, कायमचं अपंगत्व आलं तर पोटापाण्याची सोय करा.

24 एप्रिल 1890 ला महालक्ष्मीला सुमारे 10,000 कामगार जमले. त्या गर्दीत दोन कामगार बायकाही उठून बोलल्या. जूनमध्ये रविवारची सुट्टी मिळाली. जखमी कामगाराची मागणी मात्र तशीच राहिली. 1897 च्या प्लेगात लोखंडे गेले. भरपाईचा कायदा झाला 1923 साली आणि लागू झाला 1 जुलै 1924 पासून. अर्जाला तोवर चाळीस वर्षं होत आली होती.

त्या कायद्याने ठेकेदाराच्या माणसाची जबाबदारी मुख्य मालकावरही टाकली. बाईची एकरकमी भरपाई आयुक्तांकडेच जमा करावी, असंही त्यात लिहिलं होतं. म्हणजे परस्पर हातावर पैसे ठेवून "मिटलं" म्हणायची सोयच नव्हती! काही नैमित्तिक कामगारांना पूर्वी वगळलं होतं. 2000 सालच्या दुरुस्तीने तेही आत आले. 21 नोव्हेंबर 2025 पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला आहे.

तेव्हा इजा झाली तर त्याच दिवशी मालकाला लेखी कळवा, नक्कल जवळ ठेवा. अपघाताच्या वहीत नोंद करायला लावा. डॉक्टरांना "कामावर लागलं" असंच सांगा, केसपेपर जपा. शेजारच्या मशिनवरच्या दोघींना साक्षीला धरा. कोऱ्या कागदावर अंगठा नको. पगारातून ईएसआय कापत असतील तर दावा ईएसआयकडे, नाहीतर भरपाईसाठीच्या सक्षम प्राधिकाऱ्याकडे. तिथला दावा दोन वर्षांच्या आत करायचा असतो, पण तेवढं थांबू नका. साक्षीदार पांगतात, कागद हरवतात.

शेठ "मिटलं" म्हणाला, तर पुढच्या बैठकीत ही गोष्ट गटापुढे ठेवा. एकटीने अर्ज घेऊन जाऊ नका, दोघी-तिघी मिळून जा.