तरह त्यांची, गझल कुणाची?

परवा अकोल्याला बहिणीकडे गेलो, तर भाचा तोंड पाडून बसला होता. मोबाईलवरच्या एका ऑनलाइन गेममध्ये त्याने सुट्टीभर खपून स्वतःचा किल्ला रचला होता. बुरूज, चोरवाटा, पहारेकरी, त्यांच्या तोंडचे संवाद, सगळे त्याचेच. मित्र त्यात येऊन खेळायचे. एका अपडेटनंतर सगळे गायब झाले. "मामू, मेहनत तर माझी होती ना?" त्याने विचारले. हा प्रश्न त्याच्या जन्माच्या कितीतरी आधीचा आहे.

1978 साली इंग्लंडच्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ याने ‘मड’ हा अनेकांनी मिळून खेळायचा संगणकी खेळ सुरू केला. पुढे रिचर्ड बार्टल याने तो वाढवला. त्यात चित्रे नव्हती, फक्त शब्द होते. दालने, खजिने, संकटे निर्माते मांडत आणि खेळाडू त्यांत हिंडत. 1989 मध्ये अमेरिकेत जेम्स ॲस्पनेस याने ‘टायनीमड’ काढला आणि बांधकामाची परवानगी सर्वांना दिली. लोकांनी एवढे बांधले की काही महिन्यांतच तो खेळ बंद करावा लागला.

1990 मध्ये पॅव्हेल कर्टिस याने ‘लॅम्डामू’ सुरू केला. इथे खेळाडूंना वस्तू घडवता येत, प्रोग्रामही लिहिता येत. 1993 मध्ये एकाने अशाच प्रोग्रामच्या जोरावर इतरांच्या पात्रांचा भर सभेत छळ केला. मोठा वाद झाला. शेवटी कर्टिसने खेळाडूंना अर्ज आणि मतदानाचा हक्क दिला. हत्यारे वाटली की मागोमाग पंचायत लागतेच, हे तेव्हा कळले.

नंतर कंपन्या आल्या. 2009 मध्ये ‘सिटी ऑफ हीरोज’ या खेळाने खेळाडूंना स्वतःच्या मोहिमा रचण्याचे साधन दिले. काहींनी सुंदर कथा लिहिल्या. बऱ्याच जणांनी मात्र कमी कष्टात भरपूर गुण मिळवून देणाऱ्या मोहिमा बनवल्या आणि कथा त्या गर्दीत दबल्या. 2012 मध्ये खेळच बंद झाला. 2013 मध्ये ‘नेव्हरविंटर’मध्ये ‘फाउंड्री’ नावाचे असेच साधन आले. 2019 मध्ये कंपनीने ते काढून घेतले आणि खेळाडूंनी रचलेल्या मोहिमाही त्याबरोबर गेल्या.

खेळ एकाने मांडायचा आणि मजकूर दुसऱ्यांनी भरायचा, ही रीत आपल्या वऱ्हाडाला नवी नाही. अकोला, बाळापूर, अमरावती, अचलपूर या भागांतल्या उर्दू रसिकांना तरही मुशायरा सांगावा लागत नाही. यजमान एक मिसरा देतो. त्याची बहर, काफिया आणि रदीफ सांभाळून प्रत्येक शायराने आपली गझल आणायची. दिलेल्या मिसऱ्याला स्वतःचा मिसरा जोडून शेर पुरा करायचा, म्हणजे गिरह लावायची. चौकट एकच, पण गझला अनेक. शागिर्दाने आधी उस्तादाकडून इस्लाह घेतलेली असते. मग निवाडा मैफल करते. शेर पोहोचला तर ‘मुकर्रर’, नाहीतर शांतता. हलका माल तिथे फार वेळ टिकत नाही.

आणि मालकी? ती मक्त्यात असते. शायर आपला तखल्लुस गझलेतच गुंफतो. मुशायरा संपतो, सतरंजी उचलली जाते, पण गझल बयाजमध्ये बसून शायराबरोबर घरी जाते. तरह देणारा ती परत मागत नाही.

या रीतीचे मराठीतले मोठे काम अमरावतीच्याच माणसाने केले. 15 एप्रिल 1932 रोजी तिथे जन्मलेल्या सुरेश भटांनी उर्दूतून गझलेचे तंत्र आत्मसात केले आणि ते स्वतःपुरते ठेवले नाही. ‘गझलेची बाराखडी’ लिहून वृत्त, काफिया, रदीफ सोप्या मराठीत समजावले, नव्या कवींना मार्गदर्शन केले. आमच्यातले इलाही जमादार सांगली जिल्ह्यातल्या दूधगावचे. त्यांच्यासारख्यांनी मराठी गझल पुढे नेली. 2003 मध्ये भट गेले, तरी कुणाची गझल बंद पडली नाही. नियम भटांकडून आले होते, गझला ज्याच्या त्याच्या वहीत होत्या.

कंपन्या तरह देतात, कधीकधी दादही देतात. इस्लाह क्वचित देतात आणि बयाज तर स्वतःच्याच कपाटात ठेवतात. कपाटाला कुलूप लागले की शायर रिकाम्या हाताने उभा.

भाच्याला मी एक दोनशे पानी वही आणून दिली. किल्ल्याचा नकाशा आणि पहारेकऱ्यांचे संवाद आठवून लिहून काढ म्हटले. आधी त्याने नाक मुरडले. निघताना पाहिले, तर पहिल्या पानावर त्याने बुरुजांची नावे लिहायला घेतली होती आणि वर, ठळक अक्षरात, स्वतःचे नाव.