भांड्यात राहिलेलं काहीतरी

ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका पॉलिथिनच्या कारखान्यात शिफ्ट केमिस्ट म्हणून माझी उमेदीची वर्षं गेली. काम सांगायला सोपं होतं: रिअ‍ॅक्टरमध्ये हवा शिरू द्यायची नाही, ओल शिरू द्यायची नाही. गंमत अशी, की ज्या शोधांवर आमचं पोट चाललं, ते लागले भांड्यात नको ते शिरल्यामुळे.

मार्च 1933. इंग्लंडमध्ये चेशर परगण्यातल्या विनिंग्टनला, आयसीआयच्या प्रयोगशाळेत रेजिनाल्ड गिब्सन आणि एरिक फॉसेट यांनी इथिलीन वायू आणि बेन्झाल्डिहाइड 170 अंश सेल्सियसला, हजाराहून जास्त वातावरणांच्या दाबाखाली कोंडलं. दोघांचं एकमेकांशी काहीतरी जमेल ही अपेक्षा. जमलं नाही, भांड्याला आतून मेणचट पांढरा थर तेवढा बसला होता. तो नुसत्या इथिलीनचा होता. त्याच्या रेणूत दोन कार्बन दुहेरी बंधाने बांधलेले असतात. त्यातला एक बंध सुटला की दोन्हीकडचे हात मोकळे होतात, शेजाऱ्याला धरतात, आणि काहीही बाहेर न टाकता साखळी वाढत जाते. पण प्रयोग पुन्हा करावा तर कधी हाती काही येईना, कधी थेट स्फोट. काम गुंडाळलं गेलं.

डिसेंबर 1935 मध्ये मायकेल पेरिन यांच्या गटाने ते पुन्हा उघडलं, या वेळी फक्त इथिलीन घेऊन. दाब उतरत राहिला. काही वायू साखळीत जात होता, काही सांध्यातून गळत होता. भरपाईला नवं इथिलीन सोडलं आणि आठ ग्रॅम पांढरी पावडर मिळाली. मागाहून उमगलं, की त्या नव्या वायूबरोबर ऑक्सिजनचा नेमका लागेल तेवढा अंश आत गेला होता. तो नसता तर साखळी सुरूच झाली नसती. जास्त असता तर पुन्हा स्फोट. गळका सांधा पावला म्हणायचा! युद्धात हेच पॉलिथिन रडारच्या केबलींवर चढलं. पुढे आपल्या ट्रॉम्बेला युनियन कार्बाइडने काढलं तेही याच जातीचं, फांद्या फुटलेल्या साखळ्यांचं, मऊ. धंद्यातलं नाव एल.डी., म्हणजे कमी घनतेचं.

आमचं एच.डी., म्हणजे जास्त घनतेचं, त्याहून ताठ, आणि त्याची कुळी जर्मन. रूर खोऱ्यातल्या म्यूलहाइमला कार्ल त्सिग्लर अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगावर इथिलीनच्या साखळ्या वाढवू पाहत होते. एकदा साखळी दोन रेणूंवरच अडली. शोध घेता घेता भांड्यात निकेलचा लवलेश सापडला. दुसरा कोणी असता तर भांडं घासून मोकळा झाला असता. त्सिग्लर यांनी एकेक धातू मुद्दाम घालून पाहायला लावला, आणि 1953 मध्ये टायटॅनियमने चमत्कार केला: साध्या दाबाला, जवळजवळ बिनफांदीच्या लांबलचक साखळ्या. 1963 चं नोबेल त्यांना इटलीच्या जुलिओ नात्तांबरोबर मिळालं. माझ्या मते ते त्या एका चौकशीचं होतं.

1968 मध्ये जर्मनीच्या होएक्स्ट कंपनीच्या सहकार्याने पॉलिओलेफिन्स इंडस्ट्रीजने ही पद्धत ठाण्याच्या खाडीकाठी आणली. खाडीकाठची दमट हवा आणि हा अ‍ॅल्युमिनियम-टायटॅनियमचा कॅटॅलिस्ट यांचं हाडवैर. अ‍ॅल्युमिनियमचं संयुग हवा लागताच पेट घेतं. टायटॅनियम टेट्राक्लोराइडचा थेंब ओलसर हवेत आला की पांढरा धूर सोडतो. त्यामुळे सगळं नायट्रोजनच्या पांघरुणाखाली. पावसाळ्यात तर आम्ही गॅस्केटकडे सुद्धा संशयाने पाहत असू. या पद्धतीत पावडर निघते, ती वितळवून दाणा पाडायचा, आणि दाण्याच्या गोणी बादल्या-घागरीवाल्यांकडे.

टेरीन नावाचा पॉलिएस्टर धागा काढणारेही ठाण्याचेच, पण त्यांचा घोर वेगळा. पॉलिएस्टरच्या साखळीत प्रत्येक जोडणीगणिक एक छोटा रेणू बाहेर पडतो आणि तो काढून टाकावा लागतो. अमेरिकेत ड्युपाँटमध्ये वॉलेस कॅरोदर्स यांचे सहकारी ज्युलियन हिल यांनी 1930 मध्ये असंच पाणी खेचून काढलं, तेव्हा कुठे ओढता येईल असा धागा मिळाला. पण तो थोड्या उष्णतेनेच वितळे. 1941 मध्ये इंग्लंडात व्हिनफिल्ड आणि डिक्सन यांनी टेरेफ्थॅलिक आम्लाची ताठ कडी घातली आणि टेरिलीन झालं. त्याच्या कारखान्यात शेवटच्या टप्प्याला ग्लायकॉल निर्वात पंपाने ओढत राहावं लागतं. व्हॅक्यूम ढिला पडला की साखळ्या आखूड राहतात आणि कातताना धागा तुटतो.