बॅटरीचा हिशेब : हायड्रोमीटर ते लीफ स्पाय

विजेवर चालणाऱ्या मोटारीच्या बॅटरीबाबत दोन वेगवेगळे प्रश्न असतात. आत्ता तिच्यात चार्ज किती आहे, हा पहिला. नवी असताना ती जेवढी वीज साठवत होती त्यातली किती साठवण्याची क्षमता उरली आहे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचे कामापुरते उत्तर शंभर वर्षांपूर्वीच मिळाले होते. दुसऱ्याचे उत्तर आकड्यात मालकाच्या हाती पडायला एकविसाव्या शतकाचे दुसरे दशक उजाडले, आणि त्यासाठी मालकांनाच खटपट करावी लागली.

गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1859 मध्ये शिसे आणि सल्फ्युरिक ॲसिडची पुन्हा पुन्हा चार्ज होणारी बॅटरी तयार केली. 1881 मध्ये कामीय फोर याने तिच्या पट्ट्या सुधारल्या आणि ती कारखान्यात घाऊक बनू लागली. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या विजेच्या मोटारी मुख्यतः याच बॅटरीवर धावत. तिची तपासणी सोपी होती. वीज खर्च होते तसे ॲसिडही खर्ची पडते आणि द्रव पातळ होतो. हायड्रोमीटरच्या काचेच्या नळीत तो रबरी फुग्याने ओढून घ्यायचा आणि आतला तरंगता काटा वाचायचा, की झाले. पूर्ण चार्ज बॅटरीत विशिष्ट गुरुत्व 1.26 ते 1.28 भरते, उतरलेल्या बॅटरीत ते 1.15 च्याही खाली जाते. आपल्याकडच्या बॅटरीवाल्यांकडे ‘ग्रॅव्हिटी बघणे’ हा प्रकार अजून चालतो, तो हाच. रात्रभर चार्ज करूनही एखाद्या खान्याची ग्रॅव्हिटी बाकीच्यांच्या मागे राहिली, तर तो खाना बिघडत चालला आहे हे ओळखता येई. हे ढोबळ निदान होते खरे, पण ते कोणालाही, कोणाची परवानगी न घेता करता येत होते.

1897 मध्ये विल्हेल्म पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने दाखवून दिले, की शिशाच्या बॅटरीतून वीज जितक्या जोरात उपसावी तितकी ती एकूण कमी मिळते. म्हणजे क्षमता हा बॅटरीवर कोरलेला स्थिर आकडा नव्हता. वापर बदलला की तोही बदलत होता.

एडिसनच्या निकेल-लोखंडी बॅटरीने हायड्रोमीटरची पंचाईत केली. तिच्यातला पोटॅशचा द्राव चार्ज असो वा नसो, जवळपास तसाच राहतो. अशा मोटारींना आत किती वीज गेली आणि बाहेर किती आली याची मोजदाद ठेवणारा अँपिअर-अवर मीटर लागला. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्डची सँगामो कंपनी असे मीटर बनवी. चार्ज करताना भरलेली सगळी वीज परत मिळत नाही, म्हणून चार्जिंगच्या वेळी मीटर थोडा हळू फिरेल अशी सोय त्यात होती. आजच्या मोटारीतला संगणकही मुळात हीच मोजदाद करतो. तिचा दोषही तोच राहिला आहे : बारीक चुका साचत जातात आणि अधूनमधून हिशेब पहिल्यापासून जुळवावा लागतो.

पुढे पेट्रोलच्या मोटारींनी विजेच्या मोटारींना रस्त्यावरून हटवले आणि हा विषय कित्येक दशके मागे पडला. त्या परतल्या तेव्हा बॅटरी लिथियमची होती आणि बंद पेटीत होती. काटा बुडवायला आत जागाच नव्हती. प्रत्येक सेलचा व्होल्टेज, एकूण करंट आणि ठिकठिकाणचे तापमान मोजणारी नियंत्रण यंत्रणा, म्हणजे बीएमएस, पेटीत बसली. त्या मोजमापांवरून उरलेली क्षमता ताडण्यासाठी गणिती रीती वापरात आल्या. ग्रेगरी प्लेट यांनी 2004 मध्ये कालमन फिल्टरवर लिहिलेले शोधनिबंध त्यातले महत्त्वाचे. ‘ताडणे’ हाच इथे योग्य शब्द होय. बॅटरीचे आरोग्य म्हणून टक्क्यांत दिसणारा आकडा थेट मोजलेला नसतो, तो यंत्रणेने बांधलेला अंदाज असतो.

हा अंदाज मोटारीच्या आत, बॉश कंपनीने 1986 मध्ये मांडलेल्या कॅन या संदेशवाहिनीवरून फिरत असतो. 1996 पासून अमेरिकेत नव्या मोटारींना ओबीडी-दोन हे तपासणीचे सॉकेट सक्तीचे झाले; पण ती सक्ती धुरासाठी होती. विजेच्या मोटारीला धूरच नाही. त्यामुळे बॅटरीची माहिती कोणत्या सांकेतिक रूपात द्यायची हे कोणी ठरवून दिले नाही आणि प्रत्येक कंपनीने आपापली भाषा वापरली. कॅनडाच्या एल्म इलेक्ट्रॉनिक्सची ईएलएम 327 ही चिप आणि तिच्या स्वस्त नकला यांमुळे हे सॉकेट फोनला जोडणे मात्र सोपे झाले.

2010 च्या अखेरीस बाजारात आलेल्या दोन मोटारींनी दोन वाटा धरल्या. शेव्हर्ले व्होल्टने 16 किलोवॅट-अवरपैकी सुमारे 10.4 च वापरायला दिले. बाकीची क्षमता राखीव असल्याने झीज मालकाला जाणवत नसे. निसान लीफने आपल्या 24 किलोवॅट-अवर बॅटरीची क्षमता डॅशबोर्डवर 12 पट्ट्यांत उघड दाखवली. हा प्रामाणिकपणा अर्धवट होता, कारण पहिली पट्टी विझेपर्यंत सुमारे 15 टक्के क्षमता गेलेली असे. त्यातच या बॅटरीला द्रवाने थंड करण्याची सोय नव्हती. 2012 च्या उन्हाळ्यात ॲरिझोनातल्या फिनिक्स परिसरात पट्ट्या विझू लागल्या आणि मालक अस्वस्थ झाले.

तोवर काही हौशी मालकांनी कॅनवरचे संदेश उलगडायला सुरुवात केली होती. बॅटरीतली शिल्लक वीज सांगणारी एक संख्या त्यांना सापडली. ती दाखवणारे उपकरण बनवणाऱ्याच्या नावावरून तिला ‘गिड’ म्हणू लागले. एक गिड साधारण 80 वॅट-अवरचा, आणि नवी लीफ पूर्ण चार्ज झाली की 281 गिड दिसत. याच शोधांवर लीफ स्पाय हे ॲप उभे राहिले. उरलेली क्षमता, मालिकेत जोडलेल्या 96 सेल-जोड्यांपैकी प्रत्येकीचा व्होल्टेज, आजवर किती वेळा जलद चार्जिंग झाले, असे सगळे ते दाखवी. तक्रारी वाढल्यावर 2012 च्या डिसेंबरात निसानने क्षमतेचीही हमी जाहीर केली : 5 वर्षांत किंवा 60,000 मैलांच्या आत पट्ट्या नवाच्या खाली गेल्यास बॅटरी दुरुस्त करून किंवा बदलून मिळेल.

ॲपवर किती विसंबावे याचा धडा न्यूझीलंडमध्ये मिळाला. तिथे जपानहून आलेल्या जुन्या लीफ पुष्कळ, आणि घेणाऱ्याचा भरवसा लीफ स्पायवर. 2018 मध्ये ‘फ्लिप द फ्लीट’ या उपक्रमाने मालकांचे आकडे गोळा केले, तेव्हा 30 किलोवॅट-अवरच्या लीफ 24 वाल्यांपेक्षा कितीतरी वेगाने झिजताना दिसल्या. निसानने तपासून सांगितले, की बॅटरी ठीक आहेत, त्यांचा नियंत्रकच क्षमता कमी सांगतो आहे. सॉफ्टवेअर बदलल्यावर आकडे वर चढले. ॲपने काहीही चुकीचे वाचले नव्हते. मोटारीच्या संगणकाने जे सांगितले तेच त्याने पुढे केले होते. तरी मालकांनी आकडे गोळा केले नसते, तर ही चूक इतक्या लवकर उजेडात येती असे वाटत नाही.

टेस्ला रोडस्टरच्या मालकांसाठी 2011 मध्ये सुरू झालेली, मोटारीची माहिती वाचणारी मुक्त प्रणाली ओव्हीएमएस पुढे अनेक मोटारींवर चालू लागली. स्कॅन माय टेस्ला, कार स्कॅनर अशी ॲपही आली. जुन्या मोटारींच्या बाजारासाठी ऑस्ट्रियाची अविलू आणि अमेरिकेची रिकरंट यांनी बॅटरीचे अहवाल देण्याचा धंदाच उभारला. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीने अंदाज आणखी अवघड केला. तिचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ सपाट राहतो, म्हणून हिशेब जुळवण्यासाठी ती वरचेवर 100 टक्के चार्ज करावी लागते.

कायदा सर्वांत शेवटी आला. मार्च 2022 मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या वाहन-नियम मंचाने जागतिक नियम क्रमांक 22 मंजूर केला : 5 वर्षे किंवा 1 लाख किलोमीटरपर्यंत 80 टक्के आणि 8 वर्षे किंवा 1 लाख 60 हजार किलोमीटरपर्यंत 70 टक्के क्षमता टिकली पाहिजे. भारतात त्याच वर्षी विजेच्या स्कूटरींना आगी लागल्यावर एआयएस-156 आणि एआयएस-038 ही मानके कडक झाली. त्यांचा रोख आगीपासूनच्या सुरक्षिततेवर आहे. कॅलिफोर्नियाने ऑगस्ट 2022 मध्ये ठरवले, की 2026 च्या मॉडेलपासून बॅटरीचे आरोग्य मालकाला कोणत्याही जोडउपकरणाविना मोटारीतच दिसले पाहिजे. युरोपीय संघात 18 फेब्रुवारी 2027 पासून विजेच्या मोटारीच्या प्रत्येक नव्या बॅटरीला डिजिटल पासपोर्ट सक्तीचा आहे.