राष्ट्रपतींचे सुवर्णपदक

राजाश्रय हा शब्द भारतीय कलांच्या इतिहासात फार जुना आहे. शिल्प, संगीत, चित्रकला, काव्य यांपैकी कोणत्याही कलेची कुळकथा सांगू लागले की कोठे ना कोठे एखादे राजघराणे, एखादे देवस्थान किंवा एखादा रसिक सरदार भेटतोच. चित्रपटकलेला असे भाग्य लाभले नाही. दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या गिरगावात लोकांपुढे आला, तेव्हा देशावर परकी सत्ता होती; आणि त्या सत्तेने या नव्या कलेकडे पाहिले ते पहारेकऱ्याच्या नजरेने. १९१८ साली कायदा झाला तो चित्रपटांच्या तपासणीसाठी. १९२७ साली मद्रासचे टी. रंगाचारियर यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी समिती नेमली गेली, तिने देशी चित्रपटांना साहाय्य करण्याच्या काही सूचनाही केल्या. परंतु त्या कागदावरच राहिल्या. ज्या फाळक्यांनी या धंद्याचा पाया घातला, ते १९४४ साली नाशिक येथे निवर्तले. सरकारदरबारी त्यांच्या कामगिरीची नोंद घेण्याची कोणाला आठवण झाली नव्हती.

स्वातंत्र्य आले तरी ही दृष्टी एका रात्रीत पालटली नाही. युद्धकाळातील काळा पैसा चित्रपटांत शिरला होता, जुन्या चित्रसंस्था मोडकळीस येत होत्या आणि प्रांतोप्रांतीचे करमणूक कर वाढत चालले होते. १९४९ साली मध्यवर्ती सरकारने स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखाली चित्रपट चौकशी समिती नेमली. व्ही. शांताराम आणि कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सचे बी. एन. सरकार हे दोघे त्या समितीवर होते. १९५१ साली आलेल्या अहवालाने चित्रपटव्यवसायाला अर्थसाहाय्य देणारे महामंडळ आणि चित्रपटशिक्षणाची संस्था यांची निकड प्रतिपादन केली. या दोन्ही गोष्टी प्रत्यक्षात येण्यास १९६० साल उजाडावे लागले. त्यापूर्वीच सरकारने जे पाऊल टाकले, ते पारितोषिकांचे होते.

हे पाऊल पडले तो काळ मोठा विलक्षण होता. डॉ. बा. वि. केसकर तेव्हा माहिती व नभोवाणी मंत्री होते. शास्त्रीय संगीताच्या अभिमानापोटी त्यांनी १९५२ साली चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून जवळजवळ हद्दपार केले होते, आणि देशभरचे श्रोते रेडिओ सिलोनकडे कान लावून बसू लागले होते. त्याच मंत्रालयाने १९५३ सालच्या उत्तम चित्रपटांना राष्ट्रपतींच्या हस्ते पदके देण्याचे ठरविले. एका हाताने दार लावायचे आणि दुसऱ्या हाताने हार घालायचा, असा हा प्रकार दिसतो खरा. पण त्यामागे एक विचार होता. चित्रपट लोकांच्या मनावर राज्य करतो हे सरकारला कळून चुकले होते, आणि बंधनाने जे साधत नाही ते सन्मानाने साधेल अशी आशा होती. उपक्रमाचे मूळ नाव ‘स्टेट अवॉर्ड्स’ होते. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कार हे नाव पुढचे.

निवडीची पद्धत दुहेरी होती. मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या तीन केंद्रांतील प्रादेशिक समित्यांनी आपापल्या विभागांतील चित्रपट पाहून शिफारशी करायच्या आणि दिल्लीच्या मध्यवर्ती समितीने अखेरचा निर्णय घ्यायचा. सर्वोच्च मान दोन सुवर्णपदकांचा. एक कथाचित्राला, दुसरे अनुबोधपटाला. त्याखाली प्रशस्तिपत्रे. योजना तशी आटोपशीर होती. परंतु तिच्या पोटात एक अवघड प्रश्न दडलेला होता, आणि तो कोणी मुद्दाम विचारला नसला तरी पहिल्याच वर्षी त्याचे उत्तर द्यावे लागले. जो देश डझनावारी भाषांत बोलतो, त्याचा ‘राष्ट्रीय’ चित्रपट कोणता? ज्या भाषेची बाजारपेठ सर्वांत मोठी, तिच्यातला? की जो आपल्या मातीत सर्वांत खोल रुजलेला, तो?

१९५३ सालच्या स्पर्धेत बिमल रॉय यांचा ‘दो बिघा जमीन’ होता. तो हिंदीत होता आणि कान येथील महोत्सवात १९५४ साली त्याला बहुमान मिळाला. तरीही सुवर्णपदक त्याला मिळाले नाही. त्याच्या वाट्याला प्रशस्तिपत्र आले. पदक मिळाले ते आचार्य प्र. के. अत्रे यांच्या ‘श्यामची आई’ या मराठी चित्रपटाला. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या पुस्तकावर तो आधारलेला होता. कोकणातील एक दरिद्री घर, एक आई आणि तिचा मुलगा एवढाच त्याचा संसार. वनमालाबाईंनी आई रंगविली, माधव वझे या बालनटाने श्याम, आणि संगीत वसंत देसाई यांचे होते. १० ऑक्टोबर १९५४ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिला पारितोषिक समारंभ झाला. अनुबोधपटाचे सुवर्णपदक जगत मुरारी यांच्या ‘महाबलिपुरम्’ला देण्यात आले. साने गुरुजी हा दिवस पाहण्यास हयात नव्हते. १९५० सालीच त्यांचे देहावसान झाले होते.

या दोन चित्रपटांत श्रेष्ठ कोणता, हा वाद आजही रंगू शकेल. जगाच्या चित्रपटेतिहासात ‘दो बिघा जमीन’चे स्थान मोठे आहे. परंतु निवडीचा परिणाम गुणवत्तेच्या वादापलीकडे गेला. राष्ट्राचे पहिले सुवर्णपदक एका प्रादेशिक भाषेला मिळाले, आणि ‘राष्ट्रीय’ या शब्दाचा अर्थ त्या दिवशी ठरून गेला. कोणतीही भारतीय भाषा या पदकाला पारखी राहणार नाही, ही ग्वाही कोणत्याही ठरावावाचून दिली गेली.

दुसऱ्या वर्षी हा अर्थ अधिक स्पष्ट झाला. १९५४ सालच्या चित्रपटांसाठी भाषावार रौप्यपदके सुरू झाली. हिंदी, बंगाली, मराठी, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम अशा सात भाषांतील चित्रपटांचा मान झाला. मराठीचे रौप्यपदक पुन्हा अत्र्यांच्याच ‘महात्मा फुले’ला मिळाले; मल्याळमचे, अस्पृश्यतेच्या प्रश्नाला हात घालणाऱ्या ‘नीलक्कुयिल’ला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. भाषावार राज्यरचना झाली १९५६ साली. मल्याळम भाषकांचे केरळ राज्य तेव्हा नकाशावर नव्हते. मराठी भाषकांच्या महाराष्ट्राला तर १ मे १९६० ची वाट पाहावी लागली. देशाच्या नकाशाने भाषेला जो मान पुढे दिला, तो पारितोषिकांच्या यादीने आधीच दिलेला होता. आणि ज्या अत्र्यांच्या चित्रपटांनी ही दोन पदके मिळविली, तेच पुढे संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात आघाडीवर उभे राहिले. त्यांच्या विरुद्ध बाजूस होते ते चित्रपट चौकशी समितीचे अध्यक्ष स. का. पाटील. इतिहासाला अशा गाठी मारण्याची मोठी हौस असते.

पुढील वर्षांचा हिशेब मांडला तर चित्र बोलके दिसते. १९५३ ते १९७० या अठरा वर्षांतील अठरा सुवर्णपदकांपैकी नऊ बंगाली चित्रपटांना मिळाली, सहा हिंदी-उर्दू चित्रपटांना, आणि मराठी, मल्याळम व कन्नड यांना प्रत्येकी एक. बंगालच्या या वर्चस्वाचे कारण शोधण्यास दूर जावे लागत नाही. १९५५ साली ‘पथेर पांचाली’ आला. पश्चिम बंगाल सरकारच्या पैशाने तो पुरा झाला होता, आणि सत्यजित राय हे नाव त्याने जगापुढे ठेवले. ‘अपूर संसार’ आणि ‘चारुलता’ हे त्यांचेच चित्रपट पुढे सुवर्णपदकाचे मानकरी ठरले. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ने १९५७ चे पदक मिळविले. १९६५ साली रामू करियाट यांच्या ‘चेम्मीन’ने दक्षिणेला पहिले सुवर्णपदक मिळवून दिले. कथा केरळच्या कोळ्यांची, संगीत बंगालच्या सलील चौधरींचे आणि संकलन हृषीकेश मुखर्जींचे. भाषा एकीची आणि हात अनेकींचे, असा तो खराखुरा राष्ट्रीय चित्रपट होता.

मात्र पदकाने सर्व दुःखे हरण होत नाहीत. गीतकार शैलेंद्र यांनी सर्वस्व पणाला लावून ‘तीसरी कसम’ काढला. तिकीटखिडकीवर तो आपटला, आणि १४ डिसेंबर १९६६ रोजी शैलेंद्र गेले. त्या वर्षाचे सुवर्णपदक ‘तीसरी कसम’ला जाहीर झाले तेव्हा ते घेण्यास निर्माता जगात नव्हता. सरकारी सन्मान प्रतिष्ठा देऊ शकतो. प्रेक्षक देऊ शकत नाही, आणि वेळेवर पोचेल याचीही शाश्वती नसते.

दुसरा प्रश्न याहून नाजूक आहे. जे सरकार कात्री चालविते, त्याच सरकारने पदक द्यावे, यात विसंगती नाही काय? पट्टाभिराम रेड्डी यांच्या ‘संस्कार’ या कन्नड चित्रपटाची कथा या बाबतीत उद्बोधक आहे. यू. आर. अनंतमूर्तींच्या कादंबरीवरील हा चित्रपट जातिव्यवस्थेवर कठोर प्रहार करतो, म्हणून मद्रासच्या परिनिरीक्षण मंडळाने त्याला प्रथम परवानगी नाकारली. पुढे ती बंदी उठली, आणि १९७० चे सुवर्णपदक त्याच चित्रपटाला मिळाले. तपासणी करणारे आणि गौरव करणारे एकाच मंत्रालयाच्या छपराखाली. पण परीक्षकांनी अधिकाऱ्यांच्या निर्णयापलीकडे पाहण्याचे धैर्य दाखविले. या पारितोषिकांची खरी किंमत असल्या क्षणांत आहे. परीक्षक स्वतंत्र असेल तर राजमुद्रा कलेला बळ देते. तो मिंधा असेल तर तीच मुद्रा कलेच्या पायांतील बेडी होते.

काळाबरोबर या योजनेचे रूप बदलत गेले. आरंभी मान होता तो संपूर्ण चित्रपटाचा. १९६७ सालच्या चित्रपटांपासून अभिनय, दिग्दर्शन यांसारख्या अंगांचा स्वतंत्र गौरव होऊ लागला. त्या वर्षी उत्तम कुमार आणि नर्गिस हे पहिले मानकरी ठरले. १९६९ साली फाळक्यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार सुरू झाला, तो प्रथम देविका राणी यांना मिळाला. ज्यांची सरकारला हयातीत आठवण झाली नाही, त्यांचे नाव देशाच्या सर्वोच्च चित्रपट सन्मानाला लाभले. पदकांच्या जागी सुवर्णकमळ आणि रजतकमळ आले. १९७३ साली स्थापन झालेल्या चित्रपट महोत्सव संचालनालयाने दीर्घकाळ हा कारभार पाहिला. २०२२ साली ते राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झाले.

समारंभातील राष्ट्रपतींच्या हाताला केवढे मोल आहे, हे ३ मे २०१८ रोजी दिसून आले. त्या दिवशी राष्ट्रपतींनी मोजकीच पारितोषिके स्वतः दिली आणि बाकीची मंत्र्यांच्या हस्ते देण्यात आली, म्हणून पन्नासहून अधिक विजेते समारंभाकडे फिरकले नाहीत. पदकाचे वजन सोन्यात नसून ते कोणाच्या नावाने दिले जाते यात आहे, हे त्यांच्या रिकाम्या खुर्च्यांनी सांगितले.

भाषांचा सन्मान हे या योजनेचे पहिल्या दिवसाचे सूत्र मात्र तुटले नाही. ते लांबत गेले. १९८३ साली ‘आदि शंकराचार्य’ या संस्कृत चित्रपटाला सर्वोच्च मान मिळाला. तमिळला तो १९९० साली मिळाला, तेलुगूला २०१५ साली, गुजरातीला २०१८ साली. २०११ सालचा मान ‘देऊळ’ या मराठी चित्रपटाने किनारपट्टीवरील ब्यारी भाषेतील ‘ब्यारी’ या चित्रपटाबरोबर वाटून घेतला. ज्या भाषेत त्यापूर्वी चित्रपटच निघाला नव्हता, ती थेट पहिल्या पंक्तीला बसली. मराठीला स्वतःच्या दुसऱ्या सुवर्णमानासाठी पन्नास वर्षे थांबावे लागले होते; २००३ सालच्या ‘श्वास’ने ती खंडित परंपरा जोडली, आणि ‘देऊळ’नंतर ‘कोर्ट’ व ‘कासव’ यांनी ती पुढे नेली.

२०२३ सालच्या चित्रपटांच्या पारितोषिकांत मराठीतील उत्कृष्ट चित्रपटाचा मान सुजय डहाके यांच्या ‘श्यामची आई’ला मिळाला. तीच कथा, तीच माउली, नवा चित्रपट. या वेळी मान मराठी भाषेपुरता होता, सर्व भारताचा नव्हता. सर्वोच्च मान ‘ट्वेल्थ फेल’ या हिंदी चित्रपटाकडे गेला. त्यात खंत करण्याजोगे काही नाही. १९५३ साली जी आई सात भाषांची पंगत मांडली जाण्यापूर्वी एकटीच दिल्लीला गेली, तिच्या मागून आसाम, केरळ, गुजरात, कर्नाटक असे सगळे पोचले. घरच्या भाषेत बोलूनही साऱ्या देशाशी बोलता येते, हे तिने पहिल्याच वर्षी दाखवून दिले होते. राष्ट्रपतींच्या त्या सुवर्णपदकावर हेच कोरलेले होते, असे म्हटले तर ते अतिशयोक्त होणार नाही.